लाल पाटी येतेच

नारायण पेठेतल्या एका बोळात, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, फरहत तांबोळीची एका खोलीची जुळणी आहे. जुळणी म्हणजे अक्षरजुळणी. लोक आता तिला डीटीपी म्हणतात. पण तिचे वडील शकीलभाई छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि त्यांनी शेवटपर्यंत दुसरा शब्द वापरला नाही, म्हणून दारावर अजून तोच लिहिलेला आहे. लग्नपत्रिकेपासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत फरहत काहीही जुळवते. ऱ्हस्वदीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि ती दाखवताना ती कुणाची भीड ठेवत नाही. एकदा एक प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, "तांबोळीबाई, तुमचं मराठी भलतंच शुद्ध आहे हो!" त्यातल्या 'तुमचं'वरचा जोर तिला बरोबर कळला. "होतं," ती म्हणाली, "तुमचं हस्तलिखित वाचेपर्यंत." प्राध्यापक फार रागावले, आणि पुढचं पुस्तकही तिच्याकडेच घेऊन आले.

या धंद्यात एक गोष्ट मात्र चारचौघांत बोलायची सोय नाही. पेठेतल्या बऱ्याच जुळण्या ज्या मराठी फॉन्टवर चालतात, तो बनवणारे केव्हाच धंदा गुंडाळून गेले. मूळ फॉन्टला कुलूप होतं. कुणा हिकमती माणसाने ते काढलं, आणि ती कुलूप काढलेली प्रत, बसवायच्या प्रोग्रामसकट, आजतागायत हातोहात फिरते आहे. अँटिव्हायरसला ही प्रत अर्थातच पसंत नाही. बसवायला घेतली की पडद्यावर लालभडक पाटी झळकते: फाइल धोकादायक आहे, हिचा कर्ता अज्ञात आहे, उघडू नका. मग काय करायचं? अँटिव्हायरस बंद करायचा, फाइल बसवायची, आणि आठवण राहिलीच तर अँटिव्हायरस पुन्हा चालू करायचा. धंद्यात नव्याने आलेल्याला पहिला धडा हाच मिळतो. त्यावरचं फरहतचं वाक्य तर पेठेत पाठच झालं आहे: "लाल पाटी येतेच. तिच्याकडे बघायचं नाही." इतक्या वर्षांत त्या फाइलने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, त्यामुळे वाक्यावर शंका घ्यायचं कुणाला कारणही पडलं नव्हतं.

मंदाकिनी ओव्हाळ हडपसरला राहतात. नोकरी आरोग्यसेविकेची. मुळशी-वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पोरांना लस टोचत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. एसटी सकाळी लवकर पोचवायची आणि पोरं उशिरा गोळा व्हायची, तेवढ्यात घराघरांतून दळणाच्या ओव्या कानांवर यायच्या. बौद्धवाड्यातल्या बाया तर बाबासाहेबांवर, शाळेवर, विहिरीच्या पाण्यावर ओव्या रचायच्या. कुणी शिकवलेल्या नव्हेत, जिच्या तिच्या मनच्या. मंदाकिनीताई आधी नुसत्या ऐकत राहिल्या. निवृत्त झाल्यावर मात्र मोबाइल घेऊन पुन्हा त्याच वाड्यांवर फिरल्या. जात्यावर आता कुणी दळत नव्हतं, पण म्हाताऱ्यांच्या तोंडात ओव्या होत्या. त्या रिकाम्या जात्याचा खुंटा धरून म्हणायच्या आणि ताई मोबाइलवर उतरवून घ्यायच्या. मोबाइल भरला की सगळं कॉम्प्युटरवर टाकून मोबाइल मोकळा करायच्या. प्रत्येक बाईचा वेगळा फोल्डर: तिचा आवाज, तिचे शब्द, तिचा फोटो. त्यातल्या कितीतरी बाया आता राहिल्या नव्हत्या. फोल्डरमध्ये मात्र सगळ्या जिवंत होत्या.

शब्द टाइप करायला ताईंना फरहतनेच शिकवलं. पुस्तकाची जुळणीही तिच्याकडे होती. पहिले काही फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, जुळवून झालेही होते. त्यावरून दोघींची भांडणं काय कमी झाली! सवयीने फरहतने एके ठिकाणी 'पानी'चं 'पाणी' केलं, तर ताईंनी प्रूफ तिच्यापुढे आपटलं. "ती बाई 'पानी' म्हणाली आहे. तुझा ण तुझ्यापाशी ठेव." फरहत कुणाकडून ऐकून घेत नसे, पण ताईंचं ऐकायची. चूक दिसत असून ती तशीच राहू द्यायची, हे तिच्या हाताला पहिल्यांदाच शिकावं लागत होतं. आणि खरं सांगायचं तर लग्नपत्रिका जुळवून विटलेल्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी नावाजण्याजोगं करतो आहोत असं वाटू लागलं होतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस धुळीत जायला, बसमधून हिंडायला बंदी केली. मग प्रूफं घरीच कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरात वाचायची असं ठरलं. त्यासाठी ताईंच्या मशीनवर, जुळणी ज्यात झाली तो जुना फॉन्ट बसवायला हवा होता. फरहतने सकाळी दुकान उघडल्याबरोबर फाइल मेलने पाठवून दिली आणि कामाला लागली.

समोर एक वरपिता बसले होते. पत्रिकेत आधी मुलाच्या मामांचं नाव की आत्याच्या यजमानांचं, यावर त्यांचा निर्णय होत नव्हता. चौथ्यांदा नावं खालीवर करत असताना फोन वाजला.

"फरहत, अगं, ती फॉन्टची फाइल..." पलीकडे ताई होत्या.

"मिळाली ना?"

"आहे इथे. पण उघडायला गेले तर लाल..."

"ताई, लाल पाटी येतेच. तिच्याकडे बघायचं नाही. अँटिव्हायरस बंद करा आणि पुढे जा."

"नक्की ना? म्हटलं आधी विचारावं. कारण ही मी..."

"बसवा हो निर्धास्त. समोर माणसं आहेत, मी करते नंतर फोन."

ज्या बाईने हयातभर लसीची बाटली उजेडात धरून, तिच्यावरची तारीख वाचून मगच सुई भरली, ती बाई रीतसर विचारत होती. तिला वाक्य पुरं करू द्यायला कितीसा वेळ लागला असता? पण मामा वर की आत्याचे यजमान, हे त्या घटकेला जास्त महत्त्वाचं होतं.

वरपिता गेल्यावर फरहतने मेल उघडली आणि सकाळची तिची मेल परत आलेली दिसली. प्रोग्रामची फाइल अशी पाठवता येत नाही, सबब पोचवलेली नाही, असा निरोप वर होता. हे तिला ठाऊक होतं. एरवी ती फाइल झिपमध्ये बांधून, पासवर्ड घालून पाठवायची. आज घाईत तशीच पाठवली होती. आता पुन्हा पाठवावी म्हणून तिने हात पुढे केला आणि तिथेच थांबली. फाइल पोचलीच नाही, तर ताईंनी बसवलं काय?

तिने फोन लावला.

"तुझी मेल काही दिसेना," ताई म्हणाल्या, "म्हणून फॉन्टचं नाव घालून नेटवर शोधलं. पहिलीच आली ती उतरवून घेतली. तेच तर सकाळी सांगत होते तुला."

"बसली?"

"एक काळी चौकट आली आणि गेली. पुढे काहीच नाही. फॉन्टही आला नाही."

या क्षणी सांगायची गोष्ट एकच होती: ताई, मशीन बंद करा. तेवढ्याने पुष्कळ वाचलं असतं. पण फरहतला वाटलं, उगाच म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवा? आधी आपण तपासून बघू. "ती जागा मला पाठवा बरं, जिथून घेतलीत," ती म्हणाली. ताईंनी पत्ता पाठवला. फरहतने फाइल उतरवली. उघडली नाही, एवढं शहाणपण तिच्यापाशी होतं. नुसती वरून न्याहाळली. नाव फॉन्टचंच, पुढे 'नवीन', 'संपूर्ण', 'मोफत' अशी शेपटं. कर्त्याच्या रकान्यात काही नाही. तिच्या स्वतःच्या फाइलीच्या रकान्यात तरी कुठे काही होतं? तिथेही कोरंच. अनोळखी फाइलीत काय बघायचं असतं ते तिला माहीत होतं. पंचाईत अशी की त्या प्रत्येक कसोटीवर तिची रोजची फाइलही तितकीच काळी ठरत होती.

शेवटी तिने ताईंची फाइल त्या वेबसाइटवर चढवली, जिथे एकच फाइल डझनावारी अँटिव्हायरसांपुढे ठेवून प्रत्येकाचं मत विचारतात. जीव मुठीत धरून ती पडद्याकडे बघत बसली. हिरवं, हिरवं, एक लाल, पुन्हा हिरवं, मग दोन लाल, आणि खाली बहुतेक हिरवंच. हे चांगलं की वाईट? ताडून बघायला म्हणून तिने आपली जुनी फाइल चढवली, तर वरपासून खालपर्यंत नुसता लाल रंग.

आणि इथे फरहतचा जीव भांड्यात पडला. जिच्यावर आपला संसार उभा आहे ती फाइल इतकी वाईट ठरते, आणि तिने कधी कुणाचा केसही वाकडा केला नाही. मग त्या मानाने ताईंची ही फाइल सोज्वळच म्हणायची! हिशोब दिसायला चोख होता. तिच्या फाइलीला सगळे ओळखत होते, म्हणून सगळे ओरडत होते. ताईंची फाइल नवी होती. तिला अजून फारसं कुणी ओळखतच नव्हतं. एवढीच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. ज्यांनी ओळखलं होतं त्या दोनतीन लाल खुणांपाशी, खरं तर, थांबायला हवं होतं. पण लाल रंगाकडे न बघण्याची सवय एका दिवसाची नव्हती.

"ठीक वाटतेय," तिने ताईंना कळवलं. "राहू द्या मशीन तसंच चालू. मी दुपारी येते आणि माझी फाइल बसवून देते." मग ती डबा उघडून निवांत जेवली.

डबा धुऊन होतो न होतो तोच ताईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि तेच फरहतला आवडलं नाही.

"फरहत, फाइलींना शेपूट लागतंय गं. नावापुढे काहीतरी इंग्रजी अक्षरं. उघडायला गेलं तर उघडत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत एकेक करत..."

"वायर खेचा! ताई, भिंतीतली वायर खेचा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ताईंचा श्वास. "खेचली."

"पेन ड्राइव्ह? तुम्हाला प्रत ठेवायला सांगितली होती ती?"

"आहे की. मशीनलाच आहे. हरवायला नको म्हणून मी कधी काढतच नाही तो."

फरहतने दुकान ओढून घेतलं, रिक्षा धरली. स्वारगेटच्या चौकात रिक्षा जी अडकली ती हलेना. रिक्षावाला सिग्नलला आणि महापालिकेला आळीपाळीने शिव्या घालत होता, आणि फरहत मनातल्या मनात आपली बाजू जुळवत होती. ताईंनी नेटवरून परस्पर घ्यायचीच कशाला? मी माझ्या फाइलीबद्दल बोलत होते. मला काय स्वप्न पडलं होतं? एकेक वाक्य बिनचूक होतं. पुलगेट मागे पडेपर्यंत तिने ती सगळी मनात म्हणून पाहिली आणि तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती रिक्षात एकटीच "या अल्लाह" असं मोठ्याने बोलून गेली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि शिव्या थांबवल्या.

ताईंच्या घरी त्यांचा भाचा चेतन आधीच आला होता. हडपसरलाच एका आयटी कंपनीत असतो, मावशीच्या फोनवर तसाच उठून आला होता. मशीन उघडून त्याने आतली डिस्क काढली होती आणि बरोबर आणलेल्या जुन्या लॅपटॉपला जोडून बघत होता. ताई भिंतीशी ताठ बसल्या होत्या, डोळ्यांवर तो ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

"गेलं सगळं," चेतन मान वर न करता म्हणाला. "रॅन्समवेअर आहे. पेन ड्राइव्हपण लॉक झालाय. पैसे मागणारी नोटसुद्धा टाकून ठेवलीये. द्यायचे नाहीत हां मावशी, देऊनही काही गॅरंटी नसते."

"काहीच उघडत नाही?" फरहतने विचारलं.

"सुरुवातीचे फोटो थोडे वाचलेत. ऑडिओ नाही, टेक्स्ट नाही. डिस्क जपून ठेवू. कधीकधी एकदोन वर्षांनी किल्ली मिळते कुणालातरी. कधी मिळतच नाही." मग तो वैतागून म्हणाला, "पण वॉर्निंग आली असणार ना? असं कसं कुणी इग्नोर करतं, यार?"

"मी सांगितलं त्यांना," फरहत म्हणाली. "तपासूनही बघितली मी. दोनतीनच लाल होते."

"दोनतीन म्हणजे पुरे की! नवा असला तर तेवढेच येतात."

"माझ्या फाइलला त्याहून कितीतरी जास्त येतात."

चेतनने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्ही ती वापरता कशाला?"

सगळे वापरतात, हे काही उत्तर नव्हे. ती ताईंकडे वळली. "ताई, चूक माझी आहे. मीच सांगितलं तुम्हाला, बसवा म्हणून."

"तू सांगितलंस त्याचं काही नाही," ताई म्हणाल्या. "मी विचारत होते आणि तू ऐकत नव्हतीस. माझी इतकी वर्षं गेली या बायांचं पुरतं ऐकून घेण्यात. आणि मला तुला एक वाक्य पुरं सांगता आलं नाही." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर फरहतला बरं वाटलं असतं. ती हातांत तोंड लपवून रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

चेतन डिस्क पिशवीत घालून कामावर परत गेला. आपणही उठावं, असं फरहतला वाटत होतं, पण ताईंनी टेबलावरचे पाठकोरे कागद तिच्याकडे सरकवले.

"झालेले फर्मे तुझ्याकडे आहेत ना? मग त्यातल्या बाया वाचल्या. बाकीच्यांचं मला आठवतंय तेवढं सांगते. मला या डोळ्याने लिहिता येत नाही. तू लिही."

फरहतने पेन घेतलं. किती दिवसांत तिने हाताने लिहिलं नव्हतं. ताई सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. एकीच्या चार ओव्या आठवल्या, दुसरीच्या दोन, एकीचं नुसतं नाव आणि तिच्या दारातली शेवग्याची झाडं. ताई मध्येच थांबत, ओठ हलवत, हात गोल फिरवून बघत, मग पुढचा शब्द सापडे. 'पानी', 'मपलं', 'व्हतं' असं जे येईल ते फरहत जसंच्या तसं उतरवत होती. उन्हं खिडकीतून भिंतीवर चढली तरी दोघींपैकी कुणी चहाचं नाव काढलं नाही.

"सुंदराबाई," ताई म्हणाल्या. "मोसेखोऱ्याकडची. दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. तिचा आवाज घेतला तेव्हा दर ओवीला खोकत होती, पण थांबू म्हटलं तर थांबेना. तिची ती शाळेची ओवी लिही.

शाळंच्या वाटंवरी, काटा मोडला लेकीला..."

फरहतने लिहिलं आणि वाट बघितली. ताईंचा हात हवेत गोल फिरत राहिला. एकदा, दोनदा. त्यांनी पहिली ओळ पुन्हा म्हटली, चालीवर म्हटली, आणि त्याच जागी थांबल्या.

"पुढे माय काहीतरी म्हणते," त्या म्हणाल्या. "खाली बस, काटा काढते, असं म्हणते, का तशीच चाल, शाळा चुकेल, असं म्हणते? ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, ते आठवतंय. काय ऐकून आला होता ते आठवत नाही."

"तिच्या लेकीला विचारलं तर?"

"लेकीने ती ऐकलीच नाही कधी. दळणाच्या वेळेला पोरगी झोपेत असायची." ताईंनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि त्याला हात लावायची मनाई होती, म्हणून त्यांनी ते तसंच वाहू दिलं. "सुंदराबाई मला म्हणाली होती, बाई, तुमच्या पेटीत राहील ना हे? मी म्हटलं, राहील."

फरहतला राहवेना. "ताई, 'माय म्हनं, बस खाली' असं असेल का? चालीत बसतंय."

"असेल. पण ते तुझं झालं. सुंदराबाईचं नाही."

"मग काय लिहू?"

"कोरी ओळ सोड," ताई म्हणाल्या, "आणि तिच्याखाली तिचं नाव लिही."